सुगंधी शंकू

धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलं आणि संगीताच्या कार्यक्रमाला ‘थीम’ म्हणून प्राचीन इजिप्त निवडण्यात आलं. कोणी निवडलं असं विचारलं की जाऊ मुलीकडे बोट दाखवायची, मुलगी वेडिंग प्लॅनरकडे, आणि प्लॅनर म्हणायची की हे तर फॅमिलीचं व्हिजन आहे. आमची फॅमिली म्हणजे अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला येऊन इथेच मुरलेली. व्हिजन नावाची वस्तू आमच्याकडे चष्म्याच्या नंबरापुरतीच होती.

धाकटा दीर मात्र घराण्याला सोडून पुढे निघाला. शहराजवळच्या सिलतऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात त्याचा स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, कारखाना आहे. आम्ही जुन्या वस्तीत, बूढ़ापाऱ्यातच राहिलो, त्याने शहराबाहेर नव्या कॉलनीत पांढऱ्या संगमरवरी दगडाचं घर बांधलं. रायपुरात पांढरं घर बांधणं ही हौस नसून शिक्षा आहे. सकाळी पुसलेल्या कठड्यावर दुपारी बोट फिरवलं की काळं होतं. ती काजळी कुठून येते हे त्या घरात कोणी विचारत नाही, कारण उत्तर जेवणाच्या टेबलाशी बसलेलं असतं.

या घरात माझ्या जावेने दोन वर्षांपूर्वी अरोमाथेरपीचा ऑनलाइन कोर्स केला. त्याआधी ती आमच्यासारखीच होती. डोकं दुखलं तर बाम लावायची. कोर्सनंतर बाम बंद झाला आणि प्रत्येक दुखण्यामागे एक भावना आणि प्रत्येक भावनेमागे एक बाटली निघायला लागली. माझ्याकडे बघून ती एकदा म्हणाली, “ताई, तुमच्यात राग साठलाय,” आणि मनगटावर कसलंसं संत्र्याच्या सालीच्या वासाचं तेल चोळलं. राग साठला होता हे खरं होतं. तेल लावल्यावर थोडा वाढला.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. अकरावीला इजिप्तवर एक धडा होता. इतकी वर्षं तो शिकवला, पण वर्गाबाहेर कोणी मला इजिप्तबद्दल अवाक्षर विचारलं नाही. त्यामुळे जावेचा फोन आला, “ताई, तुमचं इजिप्त आहे ना?”, तेव्हा लॉकरमध्ये ठेवलेली बोरमाळ कोणीतरी लग्नात घालायला मागावी तसं मला वाटलं. मी लगेच हो म्हणाले. आठवडाभर वाचनालयातून आणि मोबाइलवरून वाचत बसले. निवृत्त शिक्षकाला श्रोते मिळणार म्हटल्यावर तो काय करेल याचा नेम नसतो.

मीटिंग दिराच्या दिवाणखान्यात झाली. प्लॅनर पोरगेलीशी, पांढरे बूट घातलेली, मांडीवर टॅब घेऊन बसलेली. जावेने कोपऱ्यात वाफेचं यंत्र लावलं होतं आणि त्यातून कमळाच्या नावाचा वास येत होता. कमळाच्या नावाचा म्हणते, कारण बूढ़ा तलावाशेजारी जन्म काढलेल्या माणसाला कमळाला वास किती असतो ते माहीत असतं.

“इजिप्शियन लोकांकडे असली तेलं नव्हती,” मी सुरुवात केली. “वाफेवर अर्क काढणं त्यांना येत नव्हतं. ते फुलं तेलात नाहीतर चरबीत भिजत ठेवायचे, मग कापडाच्या पिशवीत भरून, दोन्हीकडून काठ्या लावून पिळायचे. तशी चित्रंच आहेत थडग्यांच्या भिंतींवर.”

“तेल कौन सा, आंटी जी?” प्लॅनरने विचारलं. ती लिहून घेत होती हे पाहून मला भरून आलं.

“बरीच. तीळ, एरंडी. पण उंची अत्तराला आपल्या मुनग्याच्या भाऊबंदातल्या एका झाडाच्या बियांचं तेल. ते लवकर खवट होत नाही.”

“मुनगा? मतलब ड्रमस्टिक?” तिने लिहिणं थांबवलं. “नहीं आंटी जी, वो थोड़ा सब्ज़ी-सब्ज़ी फील देगा.”

अशा रीतीने इजिप्तच्या सुगंधी परंपरेतून तिचा पायाच वगळण्यात आला. मी हार मानली नाही. मंदिरात संध्याकाळी जाळायचा धूप सांगितला, त्यात मनुका, मध, दारू आणि डिंक कुटून घालायचे. दारू म्हटल्यावर दीर सावरून बसला. मग मी त्याला उद्देशून माझा आवडता किस्सा काढला. राजांची थडगी बांधणाऱ्या कारागिरांना एकदा वेळेवर शिधा मिळाला नाही. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. म्हणाले, आम्हाला कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. “म्हणजे बघा,” मी म्हणाले, “अंगाला लावायचं तेल हा मजुरीचाच भाग होता. उन्हात राबणाऱ्याला ते लागतंच.”

जावेने उठून वाफेचं यंत्र मोठं केलं. दिराच्या कारखान्यातली निम्मी माणसं बीरगांवच्या मजूरवस्तीतून येतात, आणि त्या महिन्यात त्यांची काहीतरी कुरबूर चालू होती, हे मला मागाहून कळलं.

“वहिनी,” दीर म्हणाला, “हे युनियनवालं नका सांगू संगीतात.”

मग जावेने टॅबवर एक चित्र दाखवलं. मेजवानीला बसलेल्या बायका, पारदर्शक पोशाख, गळ्यात रुंद कंठे आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक पांढरा शंकू, मोठ्या मोदकाएवढा. “ताई, हे काय आहे? सुगंधी मेण ना? हळूहळू वितळायचं आणि केसांत उतरायचं?”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण मला येत होतं ते सगळं सांगायची मला सवय आहे. म्हणाले, “पुष्कळ विद्वान म्हणत होते की हे खरं नसावं, चित्रकाराची नुसती खूण असावी, ही बाई सुगंधी आहे असं दाखवायला. पण काही वर्षांपूर्वी साध्या माणसांच्या कबरी उकरताना दोन सांगाड्यांच्या डोक्यावर खरंच मेणाचे शंकू सापडले. त्यांना वास होता की नाही, ते मात्र सिद्ध झालेलं नाही.”

“मतलब प्रूफ है,” प्लॅनर म्हणाली.

माझ्या वाक्यात कबर होती, सांगाडे होते, शंका होती. तिने तेवढं बाजूला सारून हवं ते उचललं. आमच्या वर्गातल्या हुशार मुली परीक्षेत असंच करायच्या.

नवरीमुलगी एवढा वेळ सोफ्यावर पाय घेऊन मोबाइल बघत होती. ती बंगळुरूला नोकरी करते. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. तिने मान वर करून विचारलं, “बड़ी मम्मी, ये सिर पे चिपकेगा तो नहीं?”

“चिकटेल,” मी म्हणाले.

“नाही चिकटणार,” जाऊ म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस जावेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मधमाशीचं मेण मागवलं, त्यात खोबरेल घातलं, चंदन घातलं, कमळ म्हणून विकतात ते घातलं, आणि स्टीलच्या पेल्यांत ओतून शंकू काढले. नुसत्या मेणाचे शंकू दगडासारखे झाले. प्लॅनरला थोडा ‘मेल्ट’ हवा होता, व्हिडिओत छान दिसतो म्हणून. तेव्हा खोबरेल वाढवलं. मग जावेने स्वतः एक शंकू डोक्यावर बांधून चाचणी घेतली. बेडरूमचा एसी लावून दोन सिनेमे पाहिले. शंकू जागचा हलला नाही.

“इजिप्तमध्ये एसी नव्हता,” मी म्हणाले.

“ताई, तुमच्यात नकारात्मकता फार आहे,” ती म्हणाली आणि बाटली शोधायला लागली.

संगीत एका रिसॉर्टच्या हिरवळीवर होतं. दिवसभर रायपूर भाजून निघालं होतं आणि सूर्य मावळला तरी जमीन गरम श्वास सोडत होती. पाण्याचे फवारे मारणारे पंखे होते, थर्माकोलचे पिरॅमिड होते, आणि तोंडाला कुत्र्याचा मुखवटा लावलेले दोन वेटर होते. त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं की ते मृतांचे देव आहेत. ते पनीर टिक्का फिरवत होते.

नवरीसकट घरच्या आम्ही आठजणी स्टेजवर जायच्या होतो. पांढरे झगे, सोनेरी पुठ्ठ्याचे कंठे, डोळ्यांत कानापर्यंत काजळ, आणि डोक्यावर जाळीच्या पट्टीने बसवलेला शंकू. मला शेवटच्या रांगेत ठेवलं होतं. नाचता येत नाही म्हणून नव्हे, मी ‘रिसर्च’मध्ये होते म्हणून. स्टेजमागे आमचे चुलत सासरे खुर्ची टाकून बसले होते. रेल्वेतून निवृत्त, ऐंशीच्या पुढचे, कान तेवढे जरा अधू. त्यांना आम्ही काकाजी म्हणतो.

“मले एक सांगा,” ते म्हणाले, “हे डोक्शावर काय ठेवून राहिल्या तुमी?”

“इजिप्तच्या बायका ठेवत होत्या, काकाजी.”

“काहून?”

“वितळून तेल केसांत उतरावं म्हणून.”

काकाजींनी थोडा विचार केला. “तं मंग वाटीतून काहून नाई लावत?”

मी शंकूची पट्टी घट्ट केली आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

कार्यक्रमाची सुरुवात विहीणबाईंच्या सत्काराने झाली. नवरदेवाची आई नागपूरची, कोषागारात अख्खी नोकरी केलेली, कमी बोलणारी बाई. करवतकाठी टसर नेसून आली होती. जावेने त्यांना स्टेजवर बोलावलं, ओवाळलं, आणि टाळ्यांच्या गजरात त्यांच्या अंबाड्यावर एक शंकू बसवला, इतरांपेक्षा मोठा. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोषागारात बिल परत पाठवताना ज्या नजरेने पाहत असतील ती नजर होती. पण मुलाकडची असली तरी बाई सभ्य. त्या शंकूसकट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मग दिवे लागले आणि आमचा नाच सुरू झाला. स्टेजवरचे ते मोठे दिवे काय उष्णता टाकतात हे खाली बसलेल्या माणसाला कळत नाही. पहिल्या कडव्याला टाळूवर कोमट काहीतरी सरकलं. दुसऱ्या कडव्याला ते मानेवरून पाठीत उतरलं. मी पुढच्या रांगेकडे पाहिलं तर शंकू कलंडायला लागले होते, आणि बायका हात इजिप्शियन पद्धतीने वाकवता वाकवता डोळे पुसत होत्या. काजळ गालांवर आलं होतं. प्लॅनर खालून अंगठा दाखवत होती. तिला मेल्ट मिळाला होता.

वासाचं काय सांगावं. चंदन, खोबरं, कमळ आणि घाम. आणि मग पाखरं आली. रिसॉर्टच्या मागे उन्हाळी धानाची पाणी भरलेली शेतं होती, तिथली सगळी पाखरं आधी दिव्यांवर आली आणि तिथून आमच्या डोक्यांवर. मऊ मेणात एकदा पाय पडला की ती तिथेच राहत होती. पंख फडफडायचा आवाज मला माझ्या कानाच्या वर ऐकू येत होता. नवरीच्या मामीने आधी किंचाळून शंकू ओढला, तो केसांसकट निघाला. पहिल्या रांगेत विहीणबाई उठल्या, एकीकडे झुकलेला शंकू एका हाताने सावरत, पदरावरचा मेणाचा ओघळ दुसऱ्या हाताने धरत, काही न बोलता आपल्या खोलीकडे चालू लागल्या. डीजेला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याने गाणं मोठं केलं.

सकाळी नवरीच्या खोलीत आम्ही सगळ्याजणी जमलो. शांपूने मेण निघत नाही, उलट केस एकमेकांना धरून बसतात, हे प्रत्येकीने स्वतंत्रपणे शोधून काढलं होतं. एकीने बर्फ लावून पाहिला होता. काकाजींनी निरोप पाठवला होता की घासलेट लावा. जाऊ पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्या हातात पुदिन्याची बाटली होती, पण ती उघडत नव्हती. नवरी आरशासमोर, आणि टाळूपासून कमरेपर्यंत तिच्या केसांची एकच पाटी झालेली.

दारावर टकटक झाली. विहीणबाई होत्या. डोक्याला टॉवेल बांधलेला. दुपारी लग्न, आणि आता ही बाई काय बोलणार या भीतीने माझी जाऊ उभी राहिली, ती उभीच राहिली.

“तेल आहे का कोणाजवळ?” विहीणबाईंनी विचारलं. “साधं. वासाचं नको.”

किचनमधून शेंगदाण्याचं तेल आलं, मोठ्या पातेल्यात कोमट करून. विहीणबाई सरळ जावेसमोर फरशीवर बसल्या आणि टॉवेल सोडला. “तुम्हीच बसवलं, तुम्हीच काढा,” त्या म्हणाल्या.

जाऊ मागे बसली. एकेक बट तेलात भिजवायची, बोटांनी चोळायची, मेण सुटलं की वर्तमानपत्रावर पुसायची, बारीक कंगवा फिरवायचा. तिचं पाहून बाकीच्याही जोडीजोडीने बसल्या. मी नवरीचं डोकं घेतलं. मधूनच कोणाच्या तरी केसांतून निघालेलं पाखरू कागदावर ठेवलं जात होतं.

“मला माफ करा,” जाऊ पाठीमागून म्हणाली. विहीणबाईंचा चेहरा तिला दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं असावं. “लोक म्हणतात, कारखान्यावाल्याची बायको आहे, पैसा आहे म्हणून नाचून राहिली. मला वाटलं, काहीतरी अभ्यास करून केलेलं दिसावं.”

“अभ्यास झाला आता,” विहीणबाई म्हणाल्या. “उजवीकडे अजून आहे. जोरात ओढा, मला लागत नाही.”

कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, जाऊ सोडून. ती रडत होती, पण हात थांबले नव्हते.

नवरीच्या केसांतलं मेण टाळूपाशी निघालं, खाली निघेना. तिच्या डोक्यावर शंकू सगळ्यात आधी बसवलेला, आणि तोच सगळ्यात मऊ होता. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “बड़ी मम्मी, काट दो.”

“आज?” मी विचारलं.

“आज ही काटना है ना. बाल हैं, वापस आ जाएँगे.”

पार्लरवालीने खांद्यापर्यंत कापले. तिच्या आईने लहानपणापासून स्वतः तेल लावून वाढवलेले केस होते ते. जाऊ बाल्कनीत गेली. मीही मागोमाग गेले. समजावणं मला फारसं जमत नाही, म्हणून मी तिला फक्त चहा दिला. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं ताई, चिकटेल म्हणून.” मी म्हणाले, “मी पुष्कळ काय काय सांगते. त्यातलं कोणतं ऐकायचं ते कोणाला कसं कळावं?” तिला ते पटलं असावं. तिने चहा प्यायला.

लग्न वेळेवर लागलं. नवरीला गंगावन लावलं होतं आणि ते मंगलाष्टकांच्या वेळी जरा सैल झालं, पण अक्षतांच्या गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नाही. विहीणबाईंच्या डोक्याला दोन दिवस शेंगदाण्याच्या तेलाचा वास येत होता. त्यांनी स्वतःच तसं प्रत्येकाला सांगितलं. दिराने मांडवात मला बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, ते कारागीर बसले होते म्हणालात ना, मग त्याहिले शेवटी तेल भेटलं का?” मी म्हणाले, “शिधा मिळाला, थोडा उशिराने.” तो बरं म्हणाला आणि पाहुण्यांकडे गेला. पुढे त्याने काय केलं ते मला माहीत नाही. त्याच्या कारखान्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

जावेने वाफेचं यंत्र कपाटात ठेवलं. पण ती स्वस्थ बसणारी नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ती आमच्याकडे आली आणि मला विचारू लागली की फुलं तेलात किती दिवस भिजवायची, काढून परत नवी टाकायची का, पिशवी सुती हवी का. मी मला माहीत होतं ते सांगितलं आणि माहीत नव्हतं तिथे, आयुष्यात पहिल्यांदाच, माहीत नाही असं म्हणाले. तिने तिळाच्या तेलात मोगरा घातला. पहिली खेप आंबली. दुसरी चांगली झाली. मी लावते. तिने बाटल्यांवर ‘प्राचीन इजिप्शियन पद्धत’ अशी चिठ्ठी लावली आहे. मी म्हणाले, “हे तर आपल्याकडचं फुलेल आहे, इथल्याच बायका करत होत्या.” ती म्हणाली, “ताई, तसं सांगितलं तर कोणी घेत नाही.”

प्लॅनरचा धंदा जोरात आहे. आमच्या संगीताचा व्हिडिओ तिने पाखरांच्या आधीपर्यंत कापून सगळीकडे टाकला, आणि आता इजिप्त तिच्या पॅकेजमध्ये आहे, शंकू फोमचे. परवा तिचा फोन आला. एका पार्टीला प्राचीन रोम हवं होतं.

“आंटी जी, रोम वाले भी सिर पे कुछ रखते थे क्या?”

“हव,” मी म्हणाले. “पानं. तेजपानाच्या कुळातली.”

“मेल्ट तो नहीं होता ना?”

“नाही. फार तर भाजीत टाकता येतात.”

ती लिहून घेत होती.